रोटेशन करूनही इलेक्ट्रिक गाडी टायर खातेच आहे? जॅक लावण्याआधी झीज वाचा

तक्रार बहुतेक वेळा अशी असते. बाहेरून टायर ठणठणीत दिसतात, नक्षी शाबूत, खाचा खोल. मग एखाद्या कामासाठी गाडी वर उचलली जाते आणि लक्षात येतं, की मागच्या टायरच्या आतल्या कडेला रबर संपून तारा दिसू लागल्यात. नवे टायर पडतात, ‘या वेळी रोटेशन (चाकांच्या जागांची अदलाबदल) वेळेवर करायचं’ असं ठरतं, ते होतंही, आणि काही हजार किलोमीटरनंतर पुन्हा तीच आतली कड. फरक इतकाच, की आधी दोन टायर गेले होते, आता चारही अर्धेमुर्धे गेलेले असतात.

रोटेशनने झीज चार टायरांत वाटली जाते. ती का होतेय, याच्याशी रोटेशनला देणंघेणं नसतं. शिवाय एक साधी गोष्ट बहुतेकांच्या ध्यानातच येत नाही: रिमसकट चाक गाडीच्या कुठल्याही कोपऱ्यात न्या, डावीकडून उजवीकडे न्या, टायरची आतली कड आतच राहते. मग आतून खाल्लेला टायर नुसता जागा बदलून सुधारेल कसा? पुढच्या आणि मागच्या चाकांच्या कामात जो मुळातला फरक असतो, तेवढाच रोटेशनने भरून निघतो. एका कडेची झीज, खड्ड्याखड्ड्यांची झीज, मधल्या पट्ट्याची झीज यांची कारणं वेगळी आणि इलाजही वेगळे. घरी रोटेशन करायला माझा पूर्ण पाठिंबा आहे, पण पाना हातात घेण्याआधी अर्धा तास मोजमापाला द्या.

इलेक्ट्रिक गाडीत हे लवकर का दिसतं

वजन हे पहिलं कारण. मोठी बॅटरी ३०० ते ५०० किलोच्या घरात जाते आणि तेवढ्याच आकाराच्या पेट्रोल गाडीपेक्षा टायरवर कायमचा जास्त भार पडतो. पण नुसत्या वजनापेक्षा मला मोटरचा जोर जास्त महत्त्वाचा वाटतो. इलेक्ट्रिक मोटर जवळपास शून्य वेगापासून पूर्ण टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, देते. जोर वाढला की टायर रस्त्यावर किंचित जास्त सरकतो, आणि झीज ही जोर आणि सरकणं यांच्या गुणाकाराशी बांधलेली असते. त्यामुळे ॲक्सिलरेटर दुप्पट दाबला तर झीज नुसती दुप्पट होऊन थांबत नाही, ती त्याहून बरीच वाढते. सिग्नल सुटल्यावर झपकन निघायची सवय असेल, तर ती सवय टायरच्या खात्यात रोज जमा होत असते.

दुसरी बाजू रीजनची, म्हणजे पाय उचलल्यावर मोटरनेच गाडी हळू करून बॅटरीत वीज परत भरायची. साध्या गाडीत ब्रेकचं काम चारही चाकांत वाटलेलं असतं आणि त्यात पुढच्यांचा वाटा मोठा. रीजन मात्र ज्या ॲक्सलवर मोटर आहे तिथेच होतो. म्हणजे ओढायचंही त्याच टायरांनी आणि रोखायचंही त्यांनीच. निसान लीफ किंवा नेक्सॉन ईव्हीसारख्या पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत वळवण्याचं कामही त्याच दोघांकडे असतं, म्हणून तिथे पुढचे टायर भराभर उतरतात. फोक्सवॅगन आयडी ३ किंवा एका मोटरची टेस्ला मॉडेल ३ अशा मागून ढकलणाऱ्या गाड्यांत मागचे. दोन मोटरच्या गाडीत कुठली मोटर रोज जास्त काम करते त्यावर ठरतं, आणि ते आपलं मोजमाप सांगेल.

इथवर जे सांगितलं ती सरळ झीज, टायरच्या सगळ्या रुंदीवर सारखी. तिच्यासाठी रोटेशन हाच योग्य उपाय. गडबड असते ती वाकड्या झिजेत.

मोजा आणि लिहून ठेवा

लागतं काय, तर खाचेची खोली मोजायचं छोटं गेज आणि वही. प्रत्येक टायरवर तीन ठिकाणी मोजायचं: बाहेरच्या कडेजवळची खाच, मधली खाच, आतल्या कडेजवळची खाच. मग चाक थोडं फिरेल एवढी गाडी पुढे घेऊन तेच पुन्हा, कारण टायर गोलाईतही सगळीकडे सारखा झिजेलच असं नाही. पुढच्या चाकांची आतली बाजू स्टिअरिंग पूर्ण वळवलं की दिसते. मागच्यांची दिसत नाही, आणि नेमकी तिथेच फसगत होते. मोबाइल टायरच्या मागे धरून फोटो काढा, आणि गेज हाताने आत सरकवून आकडा घ्या. हात आत घालताना गाडी बंद आणि चाकांना अडण लावलेलं असू द्या.

नव्या टायरची खोली साधारण ७ ते ८ मिलिमीटर असते. खाचांच्या तळाशी ज्या आडव्या पट्ट्या असतात त्या १.६ मिलिमीटरच्या, नक्षी त्यांच्या बरोबरीला आली की टायर संपला. ओल्या रस्त्यावरची पकड मात्र त्याआधीच ढिली पडू लागते, ३ मिलिमीटरच्या आसपास आलेल्या टायरकडे मी संशयानेच बघतो.

आकड्यांसोबत तारीख, गाडीचे किलोमीटर आणि टायरवर खडूने खूण: पुढचा डावा, पुढचा उजवा, मागचा डावा, मागचा उजवा. हे रोटेशनच्या आधी करायचं कारण उघड आहे. चाक हललं की पुरावाही हलला. नंतर सापडलेली आतली झीज आत्ताच्या जागेची की आधीच्या, हे कुणालाच सांगता येत नाही, अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं) करणाऱ्यालाही नाही.

आता आकडे काय म्हणतात ते बघा. समजा मागच्या डाव्या टायरवर बाहेर ५.२, मध्ये ५.०, आत २.६ आलं. हवेचा प्रश्न असता तर दोन्ही कडा सारख्या गेल्या असत्या. एकच कड गेली म्हणजे चाकाचा कोन चुकलाय. दोन्ही कडा ३.९ आणि मधे ५.१ असेल तर टायर कमी हवेवर चाललाय. मधला पट्टा कडांपेक्षा जास्त झिजला असेल तर हवा जास्त. रेंज वाढावी म्हणून हवा चढवून चालवणाऱ्यांच्या टायरवर हे हमखास दिसतं. खांद्यावर ठरावीक अंतराने वाटीसारखे खड्डे असतील तर शॉकअप थकलेत किंवा बॅलन्सिंग बिघडलंय. एकाच जागी सपाट ठिगळ असेल तर कधीतरी चाक लॉक होऊन घसरलंय किंवा गाडी महिनोन्‌महिने एका जागी उभी होती.

एक चाचणी गेजशिवायची. तळहात टायरच्या रुंदीवरून बाहेरून आत फिरवा, मग आतून बाहेर. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखं बोचत असेल, तर टो, म्हणजे चाक किती आत-बाहेर वळलंय तो कोन, बिघडलाय. डोळ्यांना दिसायच्या कितीतरी आधी हाताला हे कळतं. आतल्या कडेला तारा बाहेर आल्या असतील अशी शंका असेल तर ही चाचणी करूच नका, त्या खुपसतात.

टो: सगळ्यात स्वस्त इलाज, सगळ्यात जास्त दुर्लक्षित

चाक वरून पाहिलं तर ते गाडीच्या दिशेला समांतर हवं. नाक थोडं आत वळलेलं असेल तर टो-इन, बाहेर असेल तर टो-आउट. चाक समोरून पाहिल्यावर उभं न राहता वरून आत झुकलेलं असेल तर तो निगेटिव्ह कॅम्बर. आतली कड गेली की सगळे कॅम्बरला दोष देतात, आणि तो दोष अर्धाच खरा असतो.

कॅम्बरमुळे भार आतल्या कडेवर सरकतो, पण चाक तरीही सरळ गडगडत असतं. टो चुकला की चाक गडगडता गडगडता आडवं ओढलं जातं, टेबलावर तिरका धरून खोडरबर ओढावा तसं. हिशेब करून बघा. चाक पाव अंश तिरकं असेल तर भूमितीप्रमाणे दर किलोमीटरला ते जवळजवळ ४.४ मीटर आडवं ओढलं जातं. १०,००० किलोमीटरला ही बेरीज ४४ किलोमीटर होते. एवढा सगळा रबराचा चुरा निघणार कुठून? कॅम्बरने ज्या कडेवर भार दिलाय त्या कडेतून. कॅम्बर जागा निवडतो आणि टो ती खरवडतो.

हे समजून घेणं उपयोगी पडतं, कारण बऱ्याच गाड्यांत मागचा कॅम्बर ॲडजस्ट करायची सोयच नसते. ‘कॅम्बर कंपनीनेच तसा दिलाय, काही करता येणार नाही’ हे उत्तर ऐकून माणूस परत येतो. मागे मल्टिलिंक (अनेक सुट्या दांड्यांचं) सस्पेन्शन असेल तर टो मात्र बहुधा ॲडजस्ट होतो, आणि तो नीट बसवला की तोच कॅम्बर असूनही टायर कितीतरी जास्त टिकतो. मागे सलग बीमवालं सस्पेन्शन असेल तर दोन्ही ॲडजस्ट होत नाहीत. तिथे कोन बाहेर गेला असेल तर काहीतरी वाकलंय किंवा बुश (सांध्यातलं रबर) बसलंय असंच समजायचं.

अलाइनमेंटला गेलात तर चारही चाकांची करा. नुसती पुढची करून मागच्या टायरचा रोग कसा जाईल? कामाआधीचे आणि कामानंतरचे आकडे छापून मागा. त्या कागदावर हिरवा रंग आला म्हणून समाधान मानू नका. हिरवा पट्टा रुंद असतो आणि एखादं चाक त्याच्या अगदी टोकाला उभं असू शकतं. डाव्या-उजव्यातला फरक बघा. वहीत मागचा डावा खराब असेल आणि कागदावर मागच्या डाव्याचाच टो उजव्यापेक्षा वेगळा असेल, तर चोर सापडला. नेहमी मागे तीन माणसं आणि सामान असेल तर तेही सांगा, कारण मागचं सस्पेन्शन दबलं की कॅम्बर आणखी निगेटिव्ह होतो, टोही बदलतो. स्प्रिंगा कापून किंवा बदलून गाडी खाली बसवलेली असेल तर तेच, फक्त कायमचं.

हवेचं थोडक्यात

दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर जो आकडा आहे तोच खरा. टायरच्या अंगावरचा आकडा ही कमाल मर्यादा असते, शिफारस नव्हे. हवा थंड टायरमध्ये बघायची, म्हणजे गाडी किमान तीन तास उभी असताना. तापमान साधारण ५-६ अंश सेल्सिअसने उतरलं की दाब १ पीएसआयने उतरतो, त्यामुळे ऋतू बदलला की पुन्हा बघायला हवं.

टायर बदलताना लोड इंडेक्स (टायर किती भार पेलतो त्याचा आकडा) कमी करू नका. वजनदार इलेक्ट्रिक गाड्या आल्यापासून जादा भाराच्या ‘एक्सएल’ टायरच्याही वरचा ‘एचएल’ दर्जा निघालाय. पिरेलीने २०२१ मध्ये लुसिड एअरसाठी तो पहिल्यांदा आणला. तुमच्या गाडीला यातलं जे लागतं त्याहून हलका टायर घातला तर तो स्टिकरवरच्या हवेतही दबूनच चालतो.

कुठलं चाक कुठे

आधी टायरच्या अंगावर काय लिहिलंय ते वाचा. फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तर टायर एका बाजूचाच: पुढचा मागे, मागचा पुढे, बाजू न बदलता. ‘आउटसाइड’ असं लिहिलं असेल तर घाबरायचं कारण नाही, तो असममित (आत-बाहेर वेगळ्या नक्षीचा) टायर कुठल्याही बाजूला जाऊ शकतो, कारण रिमसकट नेल्यावर बाहेरची बाजू बाहेरच राहते.

मग माप बघा. पुढे-मागे वेगळी रुंदी असेल तर पुढचं-मागचं रोटेशन विसरा. टेस्ला मॉडेल वाय परफॉर्मन्सच्या २१ इंची चाकांत पुढे २५५ आणि मागे २७५ मिलिमीटर असतं, ती अदलाबदल होत नाही. टायरचं माप सारखं असूनही रिमची रुंदी वेगळी असू शकते, रिमच्या आतल्या बाजूचा आकडाही बघून घ्या. बाण नसेल तर अशा गाडीत डावं-उजवं करता येतं, पण त्याने फायदा बेताचाच.

चारही सारखे आणि बिनबाणाचे असतील तर नियम लक्षात ठेवायला सोपा आहे. ज्या ॲक्सलवर मोटर आहे ती चाकं सरळ जातात, दुसरी जोडी तिरकी जाते. पुढून ओढणारी गाडी असेल तर पुढची दोन्ही सरळ मागे, आणि मागची दोन्ही बाजू बदलून पुढे. मागून ढकलणारी किंवा चारही चाकांवर चालणारी असेल तर मागची सरळ पुढे, पुढची बाजू बदलून मागे.

आतली कड गेलेला टायर वाचवायचाच असेल तर तो रिमवरून काढून उलटा बसवावा लागतो, म्हणजे झिजलेली कड बाहेर येते. साध्या, बिनबाणाच्या सममित टायरला हे चालतं. बाणवाल्याला उलटून दुसऱ्या बाजूला लावलं तर चालतं. ‘आउटसाइड’वाल्याला कधीच चालत नाही. आणि तारा दिसत असतील तर कुठल्याच टायरला चालत नाही, तो फेकायचा.

किती अंतराने? टेस्लाच्या पुस्तिकेत १०,००० किलोमीटर किंवा खोलीत १.५ मिलिमीटरचा फरक, यातलं जे आधी येईल ते, असं दिलंय. हा १.५ मिलिमीटरचा निकष मला किलोमीटरपेक्षा जास्त पटतो, कुठल्याही गाडीला. फरक फार वाढल्यावर मात्र रोटेशन करू नये. पुढचे २.५ आणि मागचे ६ असताना अदलाबदल केली तर झिजलेले टायर मागे जातात, आणि ओल्या रस्त्यावर मागची पकड सुटली तर गाडी गिरकी घेते. अशा वेळी मागचे चांगले टायर मागेच राहू देऊन पुढचे दोन नवे घेण्याचा मोह होतो. त्यापेक्षा नवी जोडी मागे घाला आणि मागची पुढे आणा.

गाडी उचलताना

इथे इलेक्ट्रिक गाडीचे स्वतःचे काही नखरे आहेत.

बॅटरी सगळ्या फरशीखाली पसरलेली असते. जॅक तिच्यावर लागला तर टायरच्या खर्चाचा विचार करायची वेळच उरत नाही. पुस्तिकेतल्या जॅक पॉइंटलाच जॅक लावायचा, मधे रबरी पॅड ठेवायचा. टेस्लाच्या जॅक पॉइंटला गोल भोक असतं आणि त्यात बसणारे रबरी ठोकळे मिळतात. ते वापरले की जॅक सरकून बॅटरीखाली जाण्याचा धोका राहत नाही. नारिंगी रंगाच्या जाड केबल दिसल्या तर त्या उच्च दाबाच्या, त्यांच्या आसपास काहीही टेकवायचं नाही.

चार्जिंगची केबल काढा. गाडी पूर्ण बंद करा आणि किल्ली किंवा किल्लीचं काम करणारा फोन घरात ठेवून या. इंजिनाचा आवाज नसल्याने गाडी ‘चालू’ आहे हे कळतच नाही. एअर सस्पेन्शन असेल तर जॅक मोड चालू करा, नाहीतर गाडी स्वतःला सपाट करायला जाते.

सगळ्यात महत्त्वाचं, ‘पी’वर विसंबू नका. इलेक्ट्रॉनिक पार्किंग ब्रेक बहुतेक गाड्यांत मागच्या चाकांवर असतो. मागून ढकलणाऱ्या गाडीत ‘पी’सुद्धा मागच्याच चाकांना धरतो. म्हणजे मागची बाजू उचलली की पुढची दोन चाकं मोकळी, आणि सव्वादोन टनांची गाडी जॅकवरून घरंगळू शकते. जमीन पक्की आणि सपाट हवी, आणि जो कोपरा उचलाल त्याच्या विरुद्ध टोकाच्या चाकाला पुढून-मागून दोन्हीकडे अडण हवंच.

जॅक म्हणाल तर ३ टनी ट्रॉली जॅक. गाडीसोबत आलेला कात्री-जॅक रस्त्यावर पंक्चर झाल्यावरच्या अडचणीपुरता असतो, त्यावर चार-पाच वेळा गाडी वरखाली करायची नसते. बॅटरीमुळे फरशी इतकी ताठ असते, की काही गाड्यांत पुढच्या पॉइंटला जॅक लावला तर त्याच बाजूचं मागचं चाकही हलकं होतं. दचकू नका, पण मागचे नट तेव्हा ढिले करत बसू नका.

एका स्टेपनीवर पाच उचल

चारही चाकं एकदम अधांतरी ठेवण्याची सोय घरी नसते, आणि इलेक्ट्रिक गाडीत जॅक लावायची आणि स्टँड ठेवायची जागा बहुधा एकच असल्याने अडचण वाढते. यावरचा उपाय म्हणजे पाचवं चाक. स्टेपनी बारीक असली तरी चालते, फक्त ती ब्रेकच्या कॅलिपरवरून मोकळी बसायला हवी, कारण तिच्यावर गाडी चालवायची नाहीये, नुसती टेकवायचीय. पुष्कळ इलेक्ट्रिक गाड्यांत स्टेपनीच नसते. तेव्हा नटांची भोकं त्याच मापाची आणि त्याच अंतरावर असलेलं, हबवर नीट बसणारं चाक उसनं मिळालं तर काम भागतं.

मागून ढकलणाऱ्या गाडीचा क्रम सांगतो. पुढचं डावं काढून तिथे स्टेपनी लावा. हातात आलेलं चाक मागच्या उजव्या जागी लावा. तिथून निघालेलं पुढच्या उजव्या जागी. तिथून निघालेलं मागच्या डाव्या जागी. तिथून निघालेलं पुढच्या डाव्या जागी, स्टेपनी बाहेर. पाच उचलींत काम झालं आणि कुठल्याही क्षणी एकच कोपरा हवेत होता. पुढून ओढणाऱ्या गाडीला स्टेपनी तशीच पुढच्या डाव्या जागी, पण पुढचा क्रम मागचं डावं, पुढचं उजवं, मागचं उजवं आणि परत पुढचं डावं. बाणवाल्या टायरांना एका बाजूला तीन, अशा सहा उचली लागतात.

प्रत्येक कोपऱ्याला गाडी जमिनीवर असतानाच नट पाव आटा ढिले करायचे, मग उचलायची, टायर जमिनीपासून दोन-तीन सेंटिमीटर सुटेल एवढीच. काढलेलं चाक लगेच गाडीच्या काठाखाली आडवं सरकवा. जॅक निसटला तर गाडी त्यावर बसेल. अंगाचा कुठलाही भाग गाडीखाली घालायचा नाही. चाक हबला चिकटून बसलं असेल तर रबरी हातोड्याने टायरला आतून-बाहेरून ठोके द्या, पाय लावून गाडी हलवू नका. चाक आणि टायर मिळून २० ते २५ किलो सहज भरतात, पाठीची काळजी घ्या.

चाक निघालंच आहे तर हबचा चेहरा आणि रिमची आतली बैठक तारेच्या ब्रशने घासून घ्या. तिथला गंज राहिला तर चाक बारीकसं वाकडं बसतं, मग थरथर येते आणि माणूस बॅलन्सिंग करत बसतो. नटाच्या आट्यांना ग्रीस लावायचं नाही, त्याने टॉर्कचा आकडा खोटा पडतो.

नट आधी हाताने पूर्ण बसवायचे, मग समोरासमोर अशा चांदणीच्या क्रमाने आवळायचे, गाडी खाली आल्यावर टॉर्क पान्याने शेवटचा हात. आकडा पुस्तिकेतूनच घ्या, अंदाजाने नाही: शेवरोले बोल्टला १४० न्यूटन-मीटर लागतात आणि टेस्ला मॉडेल ३ ला १७५. इम्पॅक्ट गनने शेवट करायचा नाही. ५० ते १०० किलोमीटरनंतर सगळे नट पुन्हा त्याच आकड्याला तपासा.

त्यानंतर येणाऱ्या तक्रारी

डॅशबोर्डवर हवेचा दिवा लागला किंवा आकडे भलत्याच चाकाचे दाखवू लागले, तर ते अपेक्षितच आहे. काही गाड्यांत प्रत्येक चाकात सेन्सर असतो आणि कुठला सेन्सर आता कुठे आहे हे गाडी थोडं चालल्यावर आपोआप ओळखते. काहींत मेनूमधून किंवा टूलने शिकवावं लागतं. काही गाड्यांत सेन्सरच नसतो, चाकाच्या फिरण्याच्या वेगावरून हवा ताडली जाते. तिथे हवा भरून रीसेट करणं सक्तीचं आहे. स्टिकरवर पुढची आणि मागची हवा वेगळी असेल तर ती नव्या जागेप्रमाणे बदला. ही गोष्ट हमखास राहते, आणि पुढच्या मोजणीत दोन टायर विनाकारण वाकडे सापडतात.

आवाज वाढला? मागच्या टायरच्या ठोकळ्यांवर तिरकी झीज असेल तर ती पुढे आल्यावर, आणि विशेषतः फिरण्याची दिशा उलटल्यावर, घुमल्यासारखा आवाज येतो. बेअरिंग गेलंय असं वाटतं, आणि इलेक्ट्रिक गाडी शांत असल्याने तो जास्तच ऐकू येतो. साधारण हजारभर किलोमीटरमध्ये तो उतरायला हवा. चढतच राहिला तर बेअरिंग आणि शॉकअप बघा. गाडी आता एका बाजूला ओढत असेल आणि आधी ओढत नसेल, तर दोष टायरचा आहे; पुढची दोन चाकं आपापसांत बदलून बघा, ओढ उलटली तर खात्रीच. बाणवाले टायर असतील तर ही चाचणी करता येत नाही, तिथे पुढची चाकं मागे टाकून ओढ जाते का बघा.

पुढची मोजणी २,००० ते ३,००० किलोमीटरवर घ्या आणि वहीतल्या आधीच्या आकड्यांशेजारी लिहा. आता जुना मागचा डावा टायर पुढे आलाय आणि त्याच्या जागी दुसरा टायर बसलाय. दुसऱ्या टायरची आतली कड झिजू लागली असेल तर रोग त्या कोपऱ्यात आहे. जुना टायर नव्या जागीही तसाच बिघडत असेल तर रोग टायरात आहे, आणि त्याच्यासाठी अलाइनमेंटवर आणखी पैसे घालू नका.

रोग कोपऱ्यातच निघाला आणि अलाइनमेंटचा कागद तर नीट म्हणतोय, तर मशीनवर गाडी उभी असताना जे दिसत नाही ते शोधायचं. ॲक्सिलरेटर आणि रीजन यांच्या खेचाखेचीत आर्मचे (चाकाला गाडीशी जोडणाऱ्या दांड्यांचे) बुश दबतात. ते सैल झाले असतील तर उभ्या गाडीत टो बरोबर आणि चालत्या गाडीत चुकीचा असतो. मेकॅनिकला सांगून त्या कोपऱ्याचे बुश आणि बॉल जॉइंट पहारीने हलवून तपासून घ्या. एका बाजूची स्प्रिंग बसलीय का ते चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या काठापर्यंतची उंची डावी-उजवी मोजून कळतं. आणि ते चाक कधी जोरात खड्ड्यात आपटलं असेल, तर आर्म किंवा नकल (हब धरणारा भाग) वाकलाय का ते बघायला सांगा. वाकलेला भाग ॲडजस्टमेंटच्या शेवटच्या आट्यापर्यंत नेऊन आकडा हिरवा करता येतो, म्हणून बोल्ट दोन्ही बाजूंना सारखाच फिरलाय की एका बाजूला टोकाला गेलाय, हेही विचारून घ्या.